फुफ्फुसाच्या कॅन्सरला थ्रीडी, आयएमआरटी, एसबीआरटी की प्रोटॉन? मशीनच्या नावाआधी काय बघायचं ते सांगतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६८ वर्षांचे, लातूरकडचे, उजव्या फुफ्फुसात वरच्या भागात सहा सेंटीमीटरची गाठ, छातीच्या मधल्या लिम्फ नोड्समध्ये (लसिका ग्रंथींमध्ये) पसरलाय, बाकी शरीरात पेट स्कॅनवर कुठे काही नाही, म्हणून स्टेज ३बी. ऑपरेशन होणार नाही असं सर्जनने सांगितलं. आता रेडिएशनसाठी एका ठिकाणी थ्रीडी सांगतायत, दुसऱ्या ठिकाणी आयएमआरटी, कुणीतरी नातेवाईक म्हणतायत प्रोटॉनच करा नाहीतर काही उपयोग नाही, आणि शेजारच्या काकांना सायबरनाइफवर फक्त पाच सिटिंगमध्ये बरं वाटलं तर आपल्यालाच तीस सिटिंग का, असा सगळा गोंधळ आहे.

मी १९ वर्षं रेडिएशन ऑन्कोलॉजीत आहे, सुरुवात जुन्या कोबाल्ट मशीनवर केली आणि आता लिनॅकवर (विजेवर किरणं तयार करणारं आत्ताचं मशीन) काम करतो, म्हणजे यातली बहुतेक टेक्निक्स स्वतःच्या हाताने वापरलेली आहेत. रिपोर्ट आणि स्कॅन प्रत्यक्ष न बघता शेवटचा शब्द देता येत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते सगळं बरोबर असेल तर माझं मत सरळ आहे: आयएमआरटी किंवा त्याचाच वेगवान प्रकार असलेलं व्हीमॅट, एकूण ६० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), ३० सिटिंग, सहा आठवडे, आणि तब्येत झेपवत असेल तर सोबत केमो. प्रोटॉनसाठी घर विकायची गरज नाही. आणि सायबरनाइफवाली पाच सिटिंग वडिलांच्या आजाराला लागूच होत नाहीत, त्याचं कारण आधी सांगतो कारण तीच तुलना मला सगळ्यात जास्त लोक विचारतात.

शेजारच्या काकांना जे झालं त्याला एसबीआरटी म्हणतात, सायबरनाइफ हे फक्त एका मशीनचं नाव आहे, त्यात चाकूबिकू काही नसतो, आणि हीच ट्रीटमेंट साध्या चांगल्या लिनॅकवरही होते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्कामध्ये ९०च्या दशकाच्या सुरुवातीला हे शरीरातल्या गाठींसाठी सुरू झालं. कल्पना अशी की गाठ छोटी असेल, पाच सेंटीमीटरच्या आत, एकटी असेल, नोड्समध्ये गेलेली नसेल, तर सगळ्या बाजूंनी बारीक बारीक बीम आणून तीन ते पाच दिवसांत प्रचंड डोस द्यायचा. अमेरिकेतल्या आरटीओजी ०२३६ या अभ्यासात, ज्याचे निकाल २०१० मध्ये आले, ऑपरेशन न झेपणाऱ्या पेशंटना तीन सिटिंगमध्ये ५४ ग्रे दिला आणि तीन वर्षांनंतर मूळ गाठ सुमारे ९८ टक्के लोकांमध्ये काबूत होती. जुन्या पद्धतीने अशा पेशंटचं हे प्रमाण कितीतरी कमी असायचं. माझ्या कामात गेल्या वीस वर्षांत खरोखर पेशंटचं आयुष्य बदलणारी एक गोष्ट सांगा म्हटलं तर मी हीच सांगेन, कारण सीओपीडी (फुफ्फुसाचा जुनाट दम लागायचा आजार) आणि हार्टच्या त्रासामुळे सर्जनने परत पाठवलेली सत्तरीतली माणसं एसबीआरटी घेऊन बसने घरी जाताना मी बघितलीयत.

पण आकड्यांत एक फसगत आहे. तीन सिटिंगमधले ५४ ग्रे आणि तीस सिटिंगमधले ६० ग्रे, कागदावर पहिला कमी दिसतो. प्रत्यक्षात एका दिवशी १८ ग्रे देणं आणि २ ग्रे देणं यात पेशींवर होणारा मार खूप वेगळा असतो, आमच्या हिशोबाच्या भाषेत पहिल्याचा परिणाम साधारण १५० आणि दुसऱ्याचा ७२, म्हणजे दुपटीहून जास्त. हा मार ज्या भागात बसतो तिथली गाठ मरते आणि तिथलं निरोगी टिश्यूही मरतं. फुफ्फुसाच्या कडेला लिंबाएवढा भाग गेला तर माणसाला कळतही नाही. पण तुमच्या वडिलांचे नोड्स मुख्य श्वासनळी, अन्ननलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या यांना चिकटून आहेत, तिथे हा डोस पडला तर नळीला भोक पडणं, जीवघेणा रक्तस्राव होणं असे प्रकार होतात. श्वासनळीच्या मुख्य फांद्यांपासून दोन सेंटीमीटरचा पट्टा धोक्याचा, हे २००६ मध्येच लक्षात आलं होतं, आणि नंतर अगदी नळीला टेकलेल्या गाठींवर आठ सिटिंगमध्ये ५६ ग्रे देऊन बघितलेल्या स्कँडिनेव्हियातल्या हिलस अभ्यासात रक्तस्रावाने मृत्यू झाले. म्हणून वडिलांना रोज थोडा थोडा डोस, निरोगी पेशींना रात्रभरात दुरुस्त व्हायला वेळ देत, सहा आठवडे. पाच सिटिंगवाल्यांना चांगली ट्रीटमेंट मिळाली आणि आपल्याला स्वस्तातली, असं अजिबात नाही, आजारच वेगळा आहे.

आता थ्रीडी आणि आयएमआरटी. कोबाल्टच्या काळात आम्ही पुढून एक आणि मागून एक असे दोन बीम द्यायचो, एक्सरेवर चौकोन आखून, आणि ४० ग्रेच्या आसपास मणक्यातल्या मज्जारज्जूची मर्यादा आली की तिरके बीम करून उरलेला डोस पुरा करायचा. गावाकडे याला अजून शेक देणं म्हणतात आणि त्या काळात खरंच छातीची कातडी शेकून निघायची. थ्रीडीमध्ये सीटी स्कॅन करून गाठीचा आकार कॉम्प्युटरवर काढतात आणि तीन-चार दिशांनी त्या आकाराचे बीम टाकतात. आयएमआरटीमध्ये प्रत्येक बीमचे शेकडो बारीक तुकडे करून कुठे जास्त कुठे कमी असं ठरवता येतं, त्यामुळे डोस गाठीभोवती वळवता येतो, मज्जारज्जूला वळसा घालता येतो. व्हीमॅटमध्ये तेच काम मशीन पेशंटभोवती फिरता फिरता दोन-चार मिनिटांत करतं. हा वेळ लहान वाटेल, पण दोन्ही हात डोक्यावर धरून, खोकला दाबून, कडक टेबलावर पंधरा मिनिटं पडणं आणि चार मिनिटं पडणं यातला फरक खांदे आखडलेल्या ६८ वर्षांच्या माणसाला विचारा.

फायदा नुसता सोयीचा आहे का? आरटीओजी ०६१७ हा स्टेज ३ चा मोठा अभ्यास आहे, त्यात काहींना थ्रीडी मिळालं काहींना आयएमआरटी. आयएमआरटीवाल्यांच्या गाठी मुळात मोठ्या होत्या, तरी फुफ्फुसाला गंभीर सूज येण्याचं प्रमाण ३.५ टक्के होतं आणि थ्रीडीत ७.९ टक्के, हृदयाला जाणारा डोसही कमी. आयुष्यमान मात्र दोन्हीकडे साधारण सारखंच. म्हणून मी म्हणतो की मोठी गाठ, मधले नोड्स, हृदय जवळ अशी केस असेल तर आयएमआरटी घ्या, पण परिस्थितीच अशी असेल की जवळ थ्रीडीच आहे आणि आयएमआरटीसाठी दोन महिने वेटिंग, तर उद्या सुरू होणारं नीट प्लॅन केलेलं थ्रीडी मी निवडेन. कॅन्सर दोन महिने थांबत नाही.

आणि याच अभ्यासातली जी मुख्य गोष्ट होती ती प्रत्येक नातेवाइकाने ऐकावी अशी आहे. त्यात ६० ग्रे विरुद्ध ७४ ग्रे अशी तुलना होती, आम्हा सगळ्यांना वाटायचं जास्त डोस म्हणजे जास्त बरं. २०१५ मध्ये निकाल छापून आले तेव्हा उलटं निघालं, ६० वाल्यांतले निम्मे लोक २८.७ महिन्यांहून जास्त जगले आणि ७४ वाल्यांतले निम्मे २०.३ महिन्यांहून जास्त. हृदयाला गेलेला डोस हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. मी स्वतः तेव्हा डोस वाढवायच्या बाजूचा होतो, प्लॅन मंजूर करताना आणखी थोडा वाढवता येईल का असं डोसचं गणित करणाऱ्या फिजिसिस्टला विचारायचो. तो निकाल वाचल्यापासून आधी हृदयाचा आकडा बघतो आणि मग गाठीचा. 'आमच्याकडे जास्त पॉवरचं मशीन आहे' असं कुणी सांगितलं तर भुलू नका, फुफ्फुस हवेने भरलेलं असतं आणि तिथे ६ एमव्हीचा (एमव्ही म्हणजे बीमच्या एनर्जीचं माप) बीम १५ एमव्हीपेक्षा चांगला बसतो, जास्त एनर्जीचा डोस गाठीच्या कडेवर विरळ होतो.

आता खरी अडचण, जिच्याबद्दल जाहिरातीत कुणी बोलत नाही. गाठ हलते. माणूस श्वास घेतो तशी फुफ्फुसातली गाठ वरखाली होते, वरच्या भागात कमी, काही मिलिमीटर, आणि खालच्या भागात छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याजवळ असेल तर दोन-दोन सेंटीमीटरही. साध्या सीटीमध्ये तुम्ही एका क्षणाचा फोटो काढता, त्यावर कितीही सुंदर आयएमआरटी प्लॅन केला तरी गाठ श्वासाबरोबर त्या डोसच्या बाहेर जात असेल तर काय उपयोग? म्हणून फोरडी सीटी करतात, एका श्वासाचे साधारण दहा टप्पे टिपतात आणि गाठ जिथून जिथे जाते तो सगळा पट्टा आखून घेतात. काही ठिकाणी पेशंटला दीर्घ श्वास घेऊन वीसेक सेकंद रोखायला शिकवतात, फुफ्फुस फुगतं, हृदय बाजूला जातं, पण बिडी ओढून ओढून दम लागलेल्या माणसाला ते जमत नाही, जबरदस्ती करू नये, बाकीचे मार्ग आहेत. तेव्हा थ्रीडी की आयएमआरटी हे विचारायच्या आधी फोरडी सीटी होणार का हे विचारा. श्वासाचा विचार न करता केलेल्या महागड्या आयएमआरटीपेक्षा श्वासाचा विचार करून केलेलं थ्रीडी मला जास्त सुरक्षित वाटतं, कारण आयएमआरटीत डोसची कड चाकूसारखी तीव्र असते, गाठ कडेबाहेर गेली की गेली.

दुसरं म्हणजे रोजचं इमेजिंग. टेबलावर झोपवल्यावर मशीनवरच छोटा सीटी काढतात, त्याला सीबीसीटी म्हणतात, आणि काल जिथे होतं तिथेच आज आहे का ते जुळवतात. मागे माझ्याकडे एक बाई होत्या, गाठीने श्वासनळी दाबल्यामुळे फुफ्फुसाचा वरचा भाग पूर्ण बसला होता. तिसऱ्या आठवड्यात गाठ आक्रसली, हवा आत शिरली आणि बसलेलं फुफ्फुस उघडलं, सोमवारच्या सीबीसीटीवर सगळ्या छातीचा नकाशाच बदललेला, गाठ दीड सेंटीमीटर सरकलेली. त्याच दिवशी परत सीटी, परत प्लॅन. रोज इमेजिंग नसतं तर पुढचे पंधरा दिवस आम्ही निरोगी फुफ्फुसाला मार देत बसलो असतो आणि कुणाला कळलंही नसतं. खर्च कमी करायला इमेजिंग आठवड्यातून एकदाच करू असं कुणी म्हटलं तर, निदान फुफ्फुसाच्या बाबतीत, मी नाही म्हणेन.

प्रोटॉनबद्दल. प्रोटॉन शरीरात एका ठराविक खोलीपर्यंत जातो आणि थांबतो, पलीकडे डोस जवळपास शून्य. लहान मुलांच्या ट्यूमरला, डोक्याच्या तळाशी असलेल्या काही गाठींना, आधी रेडिएशन झालेल्या जागी परत द्यायचं असेल तर मी स्वतः पेशंट पाठवतो. आपल्याकडे चेन्नईला अपोलोमध्ये २०१९ पासून आणि खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेकमध्ये २०२३ पासून ही सोय आहे, म्हणजे परदेशी जायची गरज राहिली नाही ही फार चांगली गोष्ट झाली. पण फुफ्फुसात प्रोटॉनची जी ताकद तीच त्याची अडचण होते. तो कुठे थांबणार हे वाटेत किती घट्ट आणि किती पोकळ आहे यावर ठरतं, आणि फुफ्फुसात हवा, गाठ, बरगडी सगळं श्वासाबरोबर जागा बदलतं. अमेरिकेत आयएमआरटी आणि प्रोटॉन अशी चिठ्ठी टाकून तुलना केली, त्याचा निकाल २०१८ मध्ये आला, फुफ्फुसाची गंभीर सूज आणि गाठ परत येणं या दोन्हींत प्रोटॉन सरस ठरलं नाही. ते जुन्या प्रकारचं प्रोटॉन होतं, आताची बारीक बीमची पद्धत सुधारलेली आहे, हृदयाला कमी डोस जातो हेही खरं, पण तुमच्या वडिलांसाठी जमीन गहाण ठेवून ते करावं इतका पुरावा मला दिसत नाही. नातेवाइकांना प्रेमाने सांगा की आम्ही विचारून ठरवलंय.

पैशाचं बोलायलाच हवं. फुले योजनेत आणि आयुष्मानमध्ये रेडिएशन बसतं, पॅकेज टेक्निकप्रमाणे वेगळं असतं, हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडे आधी विचारा. पूर्वी मराठवाड्यातल्या लोकांना मुंबई किंवा बार्शी एवढंच माहीत होतं, आता संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, हे जाणं-येणं कोण करणार, कुठे राहणार, हा प्रश्न टेक्निकइतकाच महत्त्वाचा आहे. मुंबईला जायचं ठरलं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आहेत पण तिथेही गर्दी असते. एका पेशंटने चौथ्या आठवड्यात दिवाळीसाठी गावी जाऊन बारा दिवसांनी परत येणं मी बघितलंय, अन्ननलिका दुखत होती, घरची आठवण येत होती, मला त्याचा राग नाही आला, वाईट वाटलं, कारण त्या बारा दिवसांत उरलेल्या पेशी परत वाढतात आणि नंतर डोस वाढवूनही ते भरून निघत नाही. जवळचं साधं सेंटर जिथे तीसच्या तीस सिटिंग वेळेत होतील ते लांबच्या भारी सेंटरपेक्षा चांगलं. मशीन बंद पडलं तर पर्यायी मशीन आहे का, हेही विचारून ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्या. फोरडी सीटी आणि रोजचं सीबीसीटी होणार का हे वर आलंच. प्लॅन तयार झाल्यावर आकडे विचारा: २० ग्रेपेक्षा जास्त डोस मिळणारं फुफ्फुस किती टक्के, ते ३५ च्या आत असावं आणि वडिलांना आधीच दम लागत असेल तर आणखी कमी. फुफ्फुसाचा सरासरी डोस २० ग्रेच्या आत. मज्जारज्जूला कुठेही ४५ ते ५० ग्रेच्या वर नको. हृदयाचा सरासरी डोस जितका कमी तितका बरा. हे आकडे प्रत्येक प्लॅनमध्ये असतातच, कागदावर एक आलेख येतो, विचारल्यावर रागवणारा डॉक्टर सहसा नसतो, मला तर कुणी विचारलं की बरं वाटतं. तीन ठिकाणची तुलना करायची असेल तर मशीनचं नाव बाजूला ठेवून हे चार आकडे शेजारी शेजारी मांडा.

केमोचं एवढंच सांगतो की रेडिएशनसोबत एकत्र दिली तर आधी केमो मग रेडिएशन यापेक्षा पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण साधारण साडेचार टक्क्यांनी वाढतं, पण त्रासही वाढतो, विशेषतः गिळताना. वजन फार उतरलेलं असेल, किडनी बरी नसेल तर एकामागून एक द्यायला हरकत नाही. बायॉप्सीच्या तुकड्यावर ईजीएफआर (गाठीतला जनुकातला बदल) आणि पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरचं एक प्रोटीन) तपासून घ्या, आत्ताच, रेडिएशन संपायची वाट बघू नका, कारण नंतर ड्युर्व्हालुमॅब (इम्युनोथेरपीचं इंजेक्शन) द्यायचं की ओसिमर्टिनिब (ईजीएफआर बदल असलेल्यांसाठीची गोळी) हे त्यावर ठरतं. पॅसिफिक अभ्यासात केमो-रेडिएशननंतर ड्युर्व्हालुमॅब घेतलेले ४२.९ टक्के लोक पाच वर्षांनी हयात होते, न घेतलेले ३३.४ टक्के. औषध फार महाग आहे हे मला माहितीये, कंपन्यांच्या मदत योजना असतात, मेडिकल सोशल वर्करला भेटा.

ट्रीटमेंट चालू असताना तिसऱ्या आठवड्यापासून घास अडकल्यासारखं होईल, ते आजार वाढल्याचं लक्षण नाही, अन्ननलिका सोलवटलेली असते. तिखट, गरम चहा, कडक भाकरी बंद, मऊ भात, मुगाचं वरण, ताक, अंडं, दूध, जे जाईल ते थोडं थोडं पण दर दोन तासांनी. वजन टिकवा. बिडी-सिगारेट पूर्ण बंद, आता सोडून काय उपयोग असं म्हणू नका, रेडिएशन चालू असताना सोडली तरी फरक पडतो. नातवंडांना जवळ घ्यायला काहीही हरकत नाही, बाहेरून दिलेल्या या रेडिएशनमुळे अंगातून किरणं वगैरे निघत नाहीत, हा प्रश्न आजोबा मला हळू आवाजात विचारतात आणि उत्तर ऐकून त्यांचा चेहरा खुलतो.

सगळ्यात शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही लिहून भिंतीवर लावा. रेडिएशन संपल्यावर दीड महिना ते सहा महिने या काळात कोरडा खोकला, बारीक ताप, चालताना दम असं सुरू झालं तर ती फुफ्फुसाची रेडिएशनमुळे आलेली सूज असू शकते. आपल्याकडे एक्सरेवर पांढरं दिसलं की आधी टीबी नाहीतर न्यूमोनिया धरतात, टीबीच्या गोळ्या चालू होतात आणि दोन महिने जातात, मुळात कॅन्सरचं निदानही कित्येकांचं असंच उशिरा झालेलं असतं. ही सूज वेळेत ओळखली तर स्टिरॉइडच्या गोळ्यांनी बहुतेकदा आटोक्यात येते, त्या गोळ्या डॉक्टर आठवडे-आठवडे हळूहळू कमी करतात, बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायच्या नाहीत. गावातल्या फिजिशियनकडे न्यायची वेळ आली तर पहिल्याच वाक्यात सांगा की छातीला रेडिएशन झालंय आणि ते अमुक तारखेला संपलं. डिस्चार्जच्या वेळी डोस कुठे पडला ते दाखवणारे प्लॅनचे रंगीत कागद मागून घ्या आणि जपून ठेवा, सीटीवरचा पांढरा डाग त्या रंगीत पट्ट्याच्या आकारात बसतो का हे शेजारी ठेवून बघितलं की निम्मं निदान तिथेच होतं. पेट स्कॅनची सीडी आणि बायॉप्सीचा रिपोर्ट बघायला मिळाला तर मी आणखी नेमकं सांगू शकेन.